वरचे तेरा सूर

कानवाल्यांचा जुना लॅपटॉप बुधवारी गेला. आजार नाही, पूर्वसूचना नाही. पडद्यावर एक करडी रेघ आली आणि संपलं. त्याचा फार शोक करायची वेळ आली नाही, कारण लेकीनं गुरुवारीच आपला दुसरा लॅपटॉप पुसून, त्यावर नवी लिनक्स चढवून त्यांच्या पुढ्यात ठेवला. "सूरकाटा मी उद्या संध्याकाळी आल्यावर घालून देते," ती म्हणाली. "तुम्ही हात लावू नका हं बाबा."

हात लावू नका म्हटलं की कानवाल्यांचे हात शिवशिवायला लागायचे. शुक्रवारी सकाळी ती कामाला गेली आणि हे चहाचा कप घेऊन यंत्रासमोर बसले.

कानवाले म्हणजे पियानो लावणारे. त्यांचं खरं नाव वीजबिलावर होतं, बाकी सगळीकडे ते कानवालेच. एकतीस वर्षं ते मोठ्या हॉलचा पियानो सांभाळत आले होते. दोनशे तीस तारा, अठ्ठ्याऐंशी पट्ट्या, आणि त्यांच्यावर हुकूम एकट्या कानवाल्यांच्या कानाचा. पण यंदा हॉलला नवी समिती आली होती. मॅनेजरनं फोन करून सांगितलं, "प्रत्येक तारेचं आधीचं आणि नंतरचं माप छापून हवंय त्यांना. तुमच्यावर विश्वास नाही असं नाही, पण कागद नसेल तर काम दुसऱ्याकडे द्यायचं म्हणतायत. शनिवारी दहा वाजता या, कागद देऊनच जा. आणि कानवाले, वरचे सूर मागच्या वेळेसारखेच चमकू द्या. गेल्या महिन्यात वाजवून गेलेल्या पाहुण्या बाई अजून तारीफ करतात."

तारीफ ऐकून कानवाले दोन दिवस हवेत होते. कागदाचीही चिंता नव्हती. तो कागद सूरकाटा छापतो, आणि सूरकाट्यात तर कानवाल्यांचाच कान होता.

हे जरा सांगायला हवं. सूरकाटा हा प्रोग्रॅम त्यांच्या मित्रानं, मास्तरांनी लिहिलेला. मास्तर शाळेत गणित शिकवायचे, आणि निवृत्त झाल्यावर माणसाला काहीतरी खूळ लागतं तसं त्यांना हे लागलं. पियानोचे वरचे सूर नुसत्या गणितानं लावले तर मेलेले वाटतात, ते किंचित चढे ठेवावे लागतात. किती चढे, ते ज्याच्या त्याच्या कानावर. म्हणून दोन हिवाळे मास्तर रोज हॉलच्या त्या पियानोपाशी वही घेऊन बसले. कानवाले चावीनं तार ओढायचे, "हं, इथं" म्हणायचे, आणि मास्तर यंत्रावरचा आकडा टिपून घ्यायचे. असे अठ्ठ्याऐंशी आकडे. ते आकडे प्रोग्रॅममध्ये गेले आणि मास्तरांनी त्या भागाला नाव दिलं, कानवाले. "मी गेलो तरी हा कान राहील," असं तेव्हा कानवाले म्हणाले होते, आणि मास्तर म्हणाले होते, "कुणाची छाती आहे तो काढायची?"

तेव्हापासून कानवाले आधी कानानं सूर लावायचे आणि मग काट्याकडे बघायचे. दोघांचं नेहमी एकमत. याचा त्यांना भारी अभिमान होता.

मास्तरांचं खूळ असं की ते प्रोग्रॅम तयार देत नसत. नुसता कोड द्यायचा, ज्याला हवा त्यानं आपल्या यंत्रावर बांधून घ्यावा. याला कम्पाइल करणं म्हणतात, आणि कानवाल्यांनी ते एकदा लेकीशेजारी बसून शिकून घेतलं होतं. सगळ्या आज्ञा त्यांच्या किरट्या अक्षरात एका वहीत होत्या. त्यांनी पेनड्राइव्ह लावला, जुना कोड काढला, काळी खिडकी उघडली, वहीत बघून पहिली आज्ञा टाइप केली आणि एंटर दाबलं.

यंत्रानं पाच-सहा ओळी सोडल्या आणि लाल अक्षरांत कोकललं. आवाजाच्या लायब्ररीची हेडर फाइल सापडत नाही. कानवाले हसले. हे दुखणं वहीत होतं. लायब्ररी असते, पण कम्पाइल करायला तिचा वेगळा डेव्हलपमेंटचा भाग मागवावा लागतो. तो मागवला. परत एंटर. आता दुसरी कुठलीशी हेडर फाइल नाही. तीही मागवली. साडेनऊला त्यांनी दुसरा चहा केला, कारण आता गाडी बरीच पुढं गेली होती आणि पडद्यावर ओळींमागून ओळी पळत होत्या.

मग ती थांबली. या वेळी एक-दोन नाही, चाळीस एरर. जुना कम्पाइलर ज्या गोष्टींकडे काणाडोळा करायचा, त्या सगळ्या हा नवा कम्पाइलर चुकीत धरत होता. इथं प्रकार जुळत नाही, तिथं एक वस्तू कमी दिलीस, अमुक फंक्शन आता बंद झालंय. नव्या सुनेनं जुन्या स्वयंपाकघराची झाडाझडती घ्यावी तसं चाललं होतं. कानवाल्यांनी तीनचार ओळी दुरुस्त करून पाहिल्या, तर चाळिसाचे त्रेपन्न झाले. त्यांच्या नाकी नऊ आले.

मास्तरांच्या इंटरनेटवरच्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, जुना कोड नव्या यंत्रावर चालणार नाही, नवीनतम आवृत्ती उतरवून घ्या. कानवाल्यांनी ती उतरवून घेतली. आतापर्यंत कधी गरजच पडली नव्हती. जुनं चालत होतं, त्याला कशाला डिवचा? पेनड्राइव्हवर त्यांची स्वतःची एक छोटी फाइल होती, मास्तरांनीच करून दिलेली. सूरकाटा सुरू झाला की बाकीचे कान सोडून कानवाले हा कान निवडायचा, एवढंच ती सांगायची. ती त्यांनी नव्या कोडात आणून टाकली आणि एंटर दाबलं.

काय सुरेख चाललं म्हणून सांगू! एकामागून एक सगळ्या फाइली बिनबोभाट पार पडल्या. एकही लाल अक्षर नाही. आता फक्त सगळे तुकडे एकत्र जोडायचे राहिले, आणि तिथं, शेवटच्या पायरीवर, यंत्रानं एकच ओळ लिहिली. अनडिफाइन्ड रेफरन्स टू कानवाले.

म्हणजे, कानवाले असं काहीतरी तुम्ही मागताय, पण मला ते कुठं सापडत नाही.

त्यांनी चष्मा पुसला. शब्द तेच राहिले. परत एंटर, परत तेच. अकरा वाजता त्यांनी मास्तरांना फोन लावला.

"अरे मास्तर, तुझा काटा मला ओळखत नाही," ते हसत म्हणाले. "कानवाले सापडत नाहीत म्हणतो."

मास्तर हसले नाहीत.

"तू नवी आवृत्ती का घेतलीस?" मास्तरांनी विचारलं.

"अरे, जुनी बांधली जाईना. आता काय करू ते सांग."

"ती तुझी छोटी फाइल काढून टाक. ती नसली की होईल सगळं."

"मग माझा कान कसा निवडला जाईल?"

"अरे, साधा घे ना, साधा चांगला आहे. असं कर, चिऊ आली की तिला बघू दे. तू नको डोकं घालू त्यात. मला जरा बाहेर जायचंय." आणि मास्तरांनी फोन ठेवलासुद्धा.

चिऊ म्हणजे लेक. छत्तीस वर्षांची झाली, शहरातल्या निम्म्या शाळांचे पियानो लावते, पण चिऊच. घरात बापलेक दोघंच.

कानवाल्यांना आता बरं वाटेना. हातही लावू नको म्हणणारी लेक, डोकं घालू नको म्हणणारा मित्र. त्यांनी वहीचं शेवटचं पान काढलं. एखादा शब्द सगळ्या फोल्डरमध्ये कुठं कुठं आहे ते शोधायची आज्ञा तिथं होती. शब्द टाकला, कानवाले. कोडात एकदाही सापडला नाही. सापडला तो फक्त एका ठिकाणी, बदलांच्या नोंदीत. मास्तर कोड यंत्राच्या भाषेत लिहायचे, पण नोंदी आपल्या भाषेत, कारण त्या माणसांनी वाचायच्या असतात असं त्यांचं म्हणणं.

नोंद तीन वर्षांपूर्वीची होती.

"कानवाले हा कान काढून टाकला आहे. पंचाहत्तरच्या पुढचे तेरा सूर त्यात फार चढे आहेत. ज्यांच्यावरून मापं घेतली त्यांना उंच सूर तेव्हापासूनच ऐकू येत नसावेत, आता तर येतच नाहीत. त्यांना हे सांगितलेलं नाही, कृपया कुणी सांगू नये. त्याऐवजी चिऊ हा कान घातला आहे. मापं हॉलच्याच पियानोवर, त्यांचं काम संपल्यानंतर तिनं वरचे सूर पुन्हा लावले तेव्हा घेतली." आणि खाली वेळोवेळी भर घालत नेलेल्या अकरा तारखा. पहिली तीन वर्षांपूर्वीची, शेवटची गेल्या महिन्यातली.

कानवाल्यांनी ते तीनदा वाचलं. कृपया कुणी सांगू नये. हा कोड कोण उतरवून घेतं? पियानो लावणारेच घेतात. म्हणजे धंद्यातल्या झाडून सगळ्यांनी हे वाचलं होतं. गेल्या वर्षीच्या मेळाव्यात सगळे इतक्या आदरानं वागत होते, खुर्ची काय देत होते, कोट काय धरत होते, आणि सुरांबद्दल मात्र कुणी एक अक्षर विचारत नव्हतं. हे घरी येऊन म्हणाले होते, मान राखतात बुवा पोरं.

मास्तरांचा राग आला, भयंकर आला. पण त्यांना खरं हलवलं ते त्या तारखांनी. त्या ओळखीच्या होत्या.

ते उठले आणि कपाटातून विसरवही काढली. तीन वर्षांपूर्वी कानवाले विसरायला लागले होते. हॉलवरून यायचे, अवजारांची गुंडाळी उघडायचे, आणि लाल नमद्याची पट्टी नसायची. बाजूच्या तारा दाबून ठेवायला जी मध्ये सरकवतात ती. शपथेवर सांगितलं असतं की आपण ती गुंडाळीत ठेवली. पण नसायची. "राहू द्या बाबा, मी घेऊन येते," चिऊ म्हणायची, आणि जायची. दीड-दोन तासांनी यायची, पट्टी घेऊन. मॅनेजरनं चहाला थांबवलं म्हणायची.

दोनदा झालं, चारदा झालं, आणि कानवाले मनातून खचले. ते डॉक्टरकडे गेले. डॉक्टरांनी त्यांना घड्याळाचं चित्र काढायला लावलं, शंभरातून सात-सात वजा करायला लावले, आणि जे विसराल ते तारखेनिशी लिहा म्हणून सांगितलं. ती ही वही. आधीच्या तारखा त्यांनी हॉलच्या पावत्यांवरून भरल्या होत्या. रोज सकाळी ते शब्दकोडी सोडवायचे, आवडत नसताना. आणि दोन वर्षांपूर्वी एका रविवारी त्यांनी गाडीची किल्ली आपण होऊन चिऊच्या हातात दिली होती. "उद्या रस्ताच विसरलो आणि कुणाला उडवलं तर?" म्हणाले होते. चाळीस वर्षं गाडी चालवलेला माणूस त्या दिवसापासून बसच्या थांब्यावर उभा राहायला लागला. चिऊनं किल्ली घेतली होती. तिचे डोळे भरून आले होते, आणि त्यांना वाटलं होतं, बापाचं म्हातारपण बघून पोरीला रडू येतंय.

त्यांनी वही आणि पडदा शेजारी शेजारी ठेवले. बोट लावून एकेक तारीख जुळवली. अकराच्या अकरा.

पट्टी विसरली जात नव्हती. पट्टी काढून घेतली जात होती. हॉलवर परत जायला तिला निमित्त हवं होतं. गुंडाळी घरी कोण उचलून आत ठेवायचं? तीच.

केसानं गळा कापला, ते मोठ्यानं म्हणाले. घरात कुणी नव्हतं. जेवण झाकलेलं होतं, त्यावरचं झाकण काढायची इच्छा झाली नाही.

चिऊ पाचला आली. दारातच तिनं लॅपटॉप बघितला, उघडी विसरवही बघितली, आणि पिशवी खाली न ठेवता उभी राहिली.

"मी म्हटलं होतं ना हात लावू नका," ती हळू म्हणाली.

"किती दिवस?"

"बाबा, बसा आधी."

"बसलोय ना सकाळपासून. किती दिवस?"

"तीन वर्षं," ती म्हणाली. "त्या मोठ्या कार्यक्रमाला मी मागं बसले होते. वरचे सूर टोचत होते बाबा. लोक चुळबुळत होते. दुसऱ्या दिवशी मॅनेजर मला बोलवून म्हणाला, आता यांना बदलावं लागेल. मी म्हटलं, एक संधी द्या. मग मी तुमच्या मागून जायला लागले. पहिल्यांदा तर तुम्ही पट्टी खरंच विसरला होतात."

"आणि बाकी दहा वेळा?"

तिनं पिशवी खाली ठेवली.

"मॅनेजरलाही माहीत आहे तर," कानवाले म्हणाले. "चमकू द्या म्हणे वरचे सूर! मला म्हणत होता की तुला निरोप देत होता?"

"तुमचं काम जाऊ नये म्हणून केलं सगळं. तुम्हाला कानाचं कळलं असतं तर तुम्ही…"

"मी काय? मेलो असतो?" त्यांचा आवाज चढला. "कान गेला असं सांगितलं असतंस तर मी चार दिवस रडलो असतो, चिऊ. मास्तरला शिव्या घातल्या असत्या. आणि मग तुला म्हटलं असतं, वरचे तू बघ. एवढंच झालं असतं. तू मला काय दिलंस त्याच्याऐवजी? माझं डोकं चाललंय, हे मला तीन वर्षं पटवलंस. मी डॉक्टरपुढं घड्याळ काढत बसलो. तू शेजारी बसली होतीस! तो म्हणाला काटे बरोबर आहेत, तेव्हा मान हलवलीस!"

"मला वाटलं नव्हतं तुम्ही इतकं मनाला लावून घ्याल. आणि नंतर सांगायची हिंमत होईना. किल्ली दिलीत त्या दिवशी सांगणार होते. खरंच सांगणार होते."

"पण घेतलीस."

"घेतली," चिऊ म्हणाली, आणि तिथंच भिंतीला टेकून रडायला लागली. एरवी ती रडली की कानवाल्यांना घरात थांबवत नसे. आज त्यांनी लॅपटॉप पुढं ओढला.

कागद तर उद्या हवाच होता. त्यांनी आपली छोटी फाइल उघडली. तीत एक शब्द बदलायचा होता. कानवाले खोडायचं आणि चिऊ लिहायचं. त्यांनी अक्षरं एकेक करून पुसली. हे काम कुणी दुसऱ्यानं केलं असतं तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटलं. मग त्यांनी चिऊ लिहिलं, एंटर दाबलं, आणि सगळे तुकडे मुकाट जोडले गेले. एकही एरर नाही.

शनिवारी दहाला ते बसनं हॉलवर गेले. पहिल्या पट्टीपासून पंचाहत्तरपर्यंत त्यांनी नेहमीसारखं काम केलं, आधी कान, मग काटा. दोघांचं एकमत. हात तसूभरही ढळला नव्हता. मग त्यांनी अगदी शेवटची, अठ्ठ्याऐंशीवी पट्टी दाबली. ठक. लाकडाचा आवाज. पुन्हा दाबली. ठक. गेली कित्येक वर्षं त्यांना वाटत होतं, हातोडीचा नमदा झिजलाय, बदलायला हवा, आणि तोवर या वरच्या पट्ट्या ते नुसत्या सुईवर लावत आले होते. काट्यावर सूर स्पष्ट दिसत होता, सुई थरथरत होती. ते सुईकडे बघत राहिले.

मग त्यांनी अवजारं गुंडाळीत भरली. लाल पट्टी मात्र उचलली नाही. ती पियानोच्या झाकणावर, सगळ्यांना दिसेल अशी ठेवली.

दीड वाजता ते घरी आले. चिऊ स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. रात्रभर झोपलेली दिसत नव्हती.

"पट्टी राहिली," कानवाले म्हणाले.

तिचा चेहरा पांढरा पडला. "बाबा, मी नाही हो. या वेळी मी काही…"

"मी ठेवून आलोय. वरचे तेरा बाकी आहेत. मॅनेजरला सांगितलंय, समितीलाही सांग म्हटलंय, मला ते ऐकू येत नाहीत, माझी लेक येऊन लावेल. कागदावर तुझं नाव टाक. आणि जाताना चोरासारखी जाऊ नकोस."

ती पुढं आली. त्यांचा हात धरावा असं तिच्या मनात असावं. कानवाल्यांनी हात पुढं केला खरा, पण तळवा वर करून.

"गाडीची किल्ली," ते म्हणाले. "मी सोडतो तुला. रस्ता पाठ आहे मला."

तिनं किल्ली आणून त्यांच्या हातावर ठेवली. हॉलपर्यंत गाडी त्यांनीच चालवली. चिऊ आत गेली तेव्हा कानवाले मागच्या रांगेत जाऊन बसले. तिनं शहात्तरावी लावली, सत्त्याहत्तरावी लावली, आणि सवयीनं, लहानपणापासून विचारत आली होती तसं, मान वळवून विचारलं, "बाबा, लागला का हो बरोबर?"

"मला विचारू नकोस," कानवाले म्हणाले. तिनं मान खाली घातली आणि पुढची पट्टी दाबली. त्यांना ठक एवढंच ऐकू आलं.